पुतिन यांच्या गाडीची नंबरप्लेट दिसली, युरिया कुठे गेला?

४ डिसेंबर २०२५ची संध्याकाळ. दिल्लीच्या पालम विमानतळावर व्लादिमिर पुतिन उतरले. पंतप्रधान मोदी स्वतः त्यांना घ्यायला गेले होते. दोघं एका पांढऱ्या टोयोटा फॉर्च्युनरमध्ये शेजारी शेजारी बसून निघाले आणि वाहिन्यांना शोध लागला की नंबरप्लेटवर 'एमएच ०१' आहे. म्हणजे मुंबईची गाडी! मग मॉडेल कोणतं, नोंदणी कधीची, चिलखती लिमोझिन सोडून हीच का, युरोपीय बनावटीची गाडी मुद्दाम टाळली का, यावर तज्ज्ञमंडळी बोलू लागली. टोयोटा जपानची आणि रशियावर निर्बंध जपाननेही घातलेत, हे त्या धांदलीत मागेच पडलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही देशांनी करारांची यादी जाहीर केली. त्यात एक ओळ खताची होती. रशियात मिळून युरिया बनवण्याबाबत तिथली उरलकेम ही कंपनी आणि तीन भारतीय कंपन्या यांच्यात सामंजस्य करार झाला होता. त्या तिघींतली एक म्हणजे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, आपली आरसीएफ. चेंबूरला आणि अलिबागजवळ थळला कारखाने असलेली, सुफलाच्या गोणीवर जिचं नाव असतं ती. पेरणीनंतरचा पहिला पाऊस झाला की कृषी सेवा केंद्रापुढे युरियासाठी कशी रांग लागते, हे गावाकडे राहणाऱ्याला सांगायला नको. त्या दिवशी मी रिमोट घेऊन बसलो होतो. ही ओळ मला दिसली ती पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या पट्टीत, एकदाच.

नंबरप्लेट महाराष्ट्राची होती आणि युरियाही. मग एकीला अर्धा तास आणि दुसऱ्याला चार सेकंद, हे ठरवतं कोण? काही वर्षं मी एका मराठी वाहिनीच्या डेस्कवर काढली आहेत. तिथे जे दिसलं त्याच्या आधाराने सांगतो.

बुलेटिन म्हणजे एसटीची गाडी

वाहिनी चोवीस तास चालते म्हणजे तिच्याकडे वेळच वेळ, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या बुलेटिनमधून जाहिराती आणि हेडलाइन्स वजा केल्या की वीसेक मिनिटं उरतात. त्यात कोणती बातमी कितवी आणि किती सेकंदांची, याची जी यादी असते तिला 'रनडाउन' म्हणतात. सकाळच्या मीटिंगमध्ये असाइनमेंट डेस्क, म्हणजे बातमीदार आणि कॅमेरे कुठे धाडायचे ते बघणारी मंडळी, आज काय काय घडणार ते सांगते. त्यातलं काय चालेल, ते आउटपुटवाले ठरवतात. या दोन टेबलांचं भांडण रोजचं.

परदेशी पाहुण्यांना इथे एक फायदा असतो. त्यांची तारीख आधीच कळलेली असते. परराष्ट्र मंत्रालय दौरा जाहीर करतं, वेळापत्रक येतं, कोणत्या ठिकाणी कॅमेऱ्यांना किती वाजता आत सोडणार तेही कळतं. एसटी स्टँडवर गाडी लागायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं हे. अपघाताला, पुराला, राजीनाम्याला रुमाल टाकता येत नाही.

पण गर्दी फारच वाढली तर रुमालाला कोण विचारतो? ३ मे २०२५ला अंगोलाचे राष्ट्राध्यक्ष जुआव लोरेन्सू दिल्लीत होते. त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष ३८ वर्षांनी भारतात आला होता. अंगोलाकडून आपण तेल घेतो, आणि त्या भेटीत भारताने त्यांना संरक्षण खरेदीसाठी २० कोटी डॉलरचं कर्ज देऊ केलं. पण २२ एप्रिलला पहलगाम घडलं होतं आणि भारत प्रत्युत्तर कधी देणार एवढाच प्रश्न देशाला पडला होता. चार दिवसांनी ऑपरेशन सिंदूर झालं. या दोन तारखांमध्ये अंगोलाला जागा मिळणं शक्यच नव्हतं, आणि तेव्हा मी रनडाउनवर असतो तर मीही दिली नसती.

चाळीत पाहुणा आला की काय होतं?

१९६५मध्ये योहान गाल्टुंग आणि मारी होल्म्बो रूगे या नॉर्वेतल्या अभ्यासकांनी काँगो, क्यूबा आणि सायप्रसमधल्या पेचप्रसंगांच्या बातम्या त्यांच्याकडच्या चार वृत्तपत्रांत कशा आल्या ते तपासलं. परदेशातली घटना बातमी व्हायला कोणत्या कसोट्यांवर उतरावी लागते, त्या बारा कसोट्या त्यांनी मांडल्या. पत्रकारितेच्या वर्गात त्या अजूनही शिकवतात. पाठ करायची गरज नाही. चाळीत राहिलेल्या माणसाला त्या आपोआप कळतात.

चाळीत कुणाच्या पाहुण्याची चर्चा होते? तालेवार घरच्या पाहुण्याची होते, कारण बिऱ्हाड मोठं. जो स्वतःच नामांकित आहे त्याची होते. न कळवता टपकणाऱ्याची होते, आणि ज्याच्यावरून भांडण पेटलं त्याची तर महिनाभर. शिवाय आपल्या गावाकडचा निघाला, तर त्याला भेटायला माणसं जिना चढून वर जातात. कोपऱ्यातल्या खोलीत सज्जन जोडपं येऊन, जेवून, परत गेलं, तर नळावर त्याचं नावही निघत नाही.

बलाढ्य देश, वजनदार व्यक्ती, अनपेक्षितपणा, वाद आणि जवळीक, या पाचांतल्या दोन-तीन गोष्टी जमल्या की भेट पडद्यावर येते. बाराच्या यादीतली आणखी एक कसोटी मला फार कळीची वाटते. घटनेची लय आणि बातमी देणाऱ्याची लय जुळावी लागते. मिठी दोन सेकंदांत होते, म्हणून ती तासाच्या बुलेटिनमध्ये बसते. युरियाचा करार आज झाला, तरी कारखाना उभा राहायला वर्षं लागणार. वाहिनीच्या घड्याळात वर्षाचा काटाच नाही. कारखाना सुरू होईल तेव्हा डेस्कवर कुणीतरी म्हणेल, 'हे जुनं आहे ना?'

ऑक्टोबर २०२५चे दहा दिवस

हे सगळं एका जागी पाहायचं असेल, तर ऑक्टोबर २०२५चा दुसरा आठवडा आठवा. पाहुण्यांची नुसती रीघ लागली होती.

८ तारखेला ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर मुंबईत उतरले. सोबत उद्योगपती, कुलगुरू वगैरे सव्वाशे जणांचं शिष्टमंडळ. ९ तारखेला मुंबईच्या राजभवनात मोदींशी चर्चा झाली. त्याच दिवशी अफगाणिस्तानच्या तालिबान राजवटीचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीत पोहोचले. १३ला कॅनडाच्या परराष्ट्रमंत्री अनिता आनंद यांची एस. जयशंकर यांच्याशी बैठक होती. १४ला मंगोलियाचे राष्ट्राध्यक्ष खुरेलसुख उखना दिल्लीत, अशा चर्चा जिथे होतात त्या हैदराबाद हाउसमध्ये होते, आणि १६ला श्रीलंकेच्या पंतप्रधान हरिणी अमरसूर्या आल्या.

यातले किती जण तुम्हाला आठवतात? बहुतेकांना स्टार्मर आठवतील, मुत्ताकी नक्की आठवतील, आणि मंगोलियाचं नाव ऐकून 'खरंच आले होते?' असं वाटेल.

आता इतमामाचा हिशेब लावा. 'स्टेट व्हिजिट' म्हणजे पूर्ण सरकारी मानपानाची भेट. राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात स्वागत, सलामी, राजघाटावर पुष्पचक्र, राष्ट्रपतींकडून मेजवानी. खुरेलसुख यांची भेट या वर्गातली होती. मुत्ताकी यांच्या सरकारला तर भारताची औपचारिक मान्यताही नव्हती, आणि त्यांच्यावर संयुक्त राष्ट्रांचे प्रवासनिर्बंध असल्याने येण्यासाठी खास सवलत घ्यावी लागली होती. मानाच्या पायरीवर एक सगळ्यात वर, दुसरा जवळपास पायरीबाहेर. पडद्यावर मात्र उलटं झालं.

त्याचं कारण मुत्ताकींच्या भेटीत काही ना काही घडतच राहिलं. आधी तर तालिबानचा मंत्री दिल्लीत, हेच नवल. १० तारखेला भारताने काबूलमधल्या तांत्रिक कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देत असल्याचं जाहीर केलं. मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने ही त्या भेटीतली सगळ्यात वजनदार गोष्ट. पण त्याच दिवशी अफगाण दूतावासात त्यांची पत्रकार परिषद झाली आणि तिथे एकाही महिला पत्रकाराला बोलावलेलं नव्हतं. एवढं पुरे होतं. विरोधी पक्ष तुटून पडले, पत्रकार संघटना बोलल्या, परिषदेशी आपला संबंध नाही असा खुलासा परराष्ट्र मंत्रालयाला करावा लागला, आणि १२ तारखेला मुत्ताकींनी दुसरी परिषद घेतली, या वेळी महिला पत्रकारांना बोलावून. मध्येच अफगाणिस्तान आणि पाकिस्तान यांच्यात सीमेवर गोळीबार पेटला. बातमीत पाकिस्तान आला की आपल्या वाहिन्यांना आणखी काही लागत नाही.

त्या मानाने खुरेलसुख कोपऱ्यातल्या खोलीतले सज्जन पाहुणे. भारत मंगोलियात १७० कोटी डॉलरच्या कर्जातून तेलशुद्धीकरण कारखाना उभारतोय, वर्षाला १५ लाख टन क्षमतेचा. भारताने परदेशात हाती घेतलेला हा सर्वांत मोठा विकासप्रकल्प. चीन आणि रशिया यांच्या मध्ये सापडलेल्या, समुद्रकिनारा नसलेल्या देशात आपण हे का करतोय, ही गोष्ट खरं तर झकास आहे. शिवाय भगवान बुद्धांचे शिष्य सारिपुत्त आणि मोग्गलान यांचे अस्थी-अवशेष दर्शनासाठी मंगोलियाला पाठवण्याचं भारताने जाहीर केलं. महाराष्ट्रात लाखो बौद्ध राहतात. ही बातमी मराठीत नीट दिली असती तर ती किती घरांत पाहिली गेली असती! पण त्या भेटीत वाद नव्हता, कुणी रुसलं नाही, शेजारी देशात गोळी सुटली नाही. बिहारच्या निवडणुकीत जागावाटप चाललं होतं, गाझाच्या युद्धविरामासाठी ट्रम्प आदल्याच दिवशी इजिप्तमध्ये होते, आणि धनत्रयोदशीच्या तोंडावर सोनं रोज नवा भाव दाखवत होतं.

हाराचा फोटो निघतो, याद्यांचा नाही

लग्नाचा अल्बम काढून बघा. वरमाला घालतानाचे वीस फोटो असतात. देण्याघेण्याच्या याद्या झाल्या, त्या बैठकीचा एकही नसतो. लग्न ठरलं ते त्याच बैठकीत, आणि मोडलं असतं तर तेही तिथेच. पण चार माणसं सतरंजीवर बसून कागदावर लिहिताहेत, याचा कोण फोटो काढणार?

देशांच्या भेटीतही याद्या बंद दाराआड होतात. कॅमेऱ्यांना आत सोडतात ते सुरुवातीला हस्तांदोलनापुरतं आणि शेवटी निवेदनं वाचताना. हैदराबाद हाउसमधल्या या निवेदनांनंतर बहुतेक वेळा प्रश्न घेतलेच जात नाहीत. मग दोन तासांच्या चर्चेचं पडद्यावरचं रूप म्हणजे पायऱ्यांवरून हात हलवणारे दोन नेते. दिवसभर तेच, गोल गोल फिरवून.

ही दृश्यं बहुतेक वाहिन्यांनी स्वतः टिपलेलीही नसतात. दूरदर्शन किंवा एएनआयसारखी वृत्तसंस्था ती पाठवते. थेट येणाऱ्या या चित्रणाला 'फीड' म्हणतात. बाजारात निवडलेली मेथी मिळते ना, तसं. स्वतःचा बातमीदार, कॅमेरामन, थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन धाडायची म्हणजे जुडी आणून घरी निवडत बसणं. निवडलेली स्वस्त पडते आणि लगेच कढईत टाकता येते. मुंबईतल्या मराठी वाहिनीचा दिल्लीत बातमीदार असतो, पण तो संसद, सर्वोच्च न्यायालय आणि राज्यातून दिल्लीवारीला आलेले नेते यांच्यामागे पळत असतो. मंगोलियाच्या तेलावर अभ्यास कधी करणार बिचारा?

पंतप्रधानांच्या परदेश दौऱ्यांतही असाच बदल झाला. २०१४पर्यंत त्यांच्या विमानात खासगी वाहिन्यांचे आणि वृत्तपत्रांचे बरेच प्रतिनिधी असत, आणि परतताना विमानातच पत्रकार परिषद व्हायची. त्यानंतर तो ताफा दूरदर्शन आणि वृत्तसंस्थांपुरता उरला. परिणामी सगळीकडे तीच दृश्यं, त्याच कोनातून.

ही युक्ती आजची नाही आणि आपलीही नाही. फेब्रुवारी १९७२मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला गेले, तेव्हा विमानाच्या जिन्यावरून उतरून चीनचे पंतप्रधान झाऊ एन-लाय यांच्याशी हात मिळवताना चौकटीत दुसरं कुणी येऊ नये म्हणून बाकीच्यांना आतच थोपवून धरलं होतं. परतीच्या वाटेवर त्यांचं विमान अलास्कात अँकरेजला सुमारे नऊ तास थांबलं. वॉशिंग्टनला उतरायचं ते रात्री नऊला, म्हणजे अमेरिका जेवून टीव्हीसमोर बसलेली असताना.

विमानतळावर कोण आलं होतं?

परदेशी नेत्याला विमानतळावर घ्यायला साधारणपणे एखादा राज्यमंत्री जातो. पंतप्रधान स्वतः गेले तर ते शिष्टाचार मोडून दिलेलं मानाचं पान. मोदी २०१५मध्ये ओबामांसाठी, २०२०मध्ये ट्रम्प यांच्यासाठी, फेब्रुवारी २०२५मध्ये कतारच्या अमिरांसाठी गेले. वाहिन्यांना हा इशारा बरोबर कळतो. पंतप्रधान विमानतळावर जाणार असं समजलं की त्या दिवसाचा रनडाउन फाडून नव्याने मांडतात. म्हणजे भेटीचा दर्जा वाढला की कव्हरेज वाढतं हे खरं, पण दर्जा वाढवायचा तो कव्हरेजसाठीच, असंही होऊ शकतं. कोंबडी आधी की अंडं, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

याची उलटी बाजू फेब्रुवारी २०१८मध्ये कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी भोगली. त्यांना घ्यायला कृषी राज्यमंत्री गजेंद्रसिंह शेखावत गेले होते. नियमाला धरूनच होतं. पण आधीच्या पाहुण्यांना मारलेल्या मिठ्या पाहिलेल्या वाहिन्यांनी याला 'अपमान' म्हटलं. मग सगळ्या आठवड्यावर तोच रंग चढला. जरीचे कुर्ते, हात जोडलेली लेकरं, मुंबईत शाहरुख खानसोबतचा फोटो. मोदींशी प्रत्यक्ष चर्चा झाली २३ तारखेला. तोवर ती भेट विनोदाचा विषय झाली होती. खलिस्तानच्या प्रश्नावरून दोन देशांत किती खोल पेच आहे, याचा पुरेसा इशारा त्या आठवड्यात होता. शेरवान्यांच्या चर्चेत तो दबला, आणि २०२३मध्ये संबंध पार तळाला गेले तेव्हा आपण दचकलो.

'म्हणजे सरकार सांगेल तेच दाखवतात, एवढंच ना?'

एवढंच असतं तर हा लेख दोन ओळींत संपला असता.

सरकारचा हात लांब आहे. फीड त्यांच्याकडून, वेळापत्रक त्यांच्याकडून, प्रश्न विचारू द्यायचे की नाही तेही तेच ठरवणार. सप्टेंबर २०२३मध्ये जी-२०साठी बायडेन दिल्लीत आले तेव्हा मोदींच्या निवासस्थानी झालेल्या बैठकीच्या वेळी सोबत आलेल्या अमेरिकी पत्रकारांना बाहेर गाडीतच बसावं लागलं. दोन दिवसांनी बायडेन व्हिएतनाममधल्या हनोईत पत्रकारांसमोर उभे राहिले आणि मोदींशी मानवी हक्कांबद्दल बोललो, असं तिथे म्हणाले. दिल्लीतल्या भेटीची ही बातमी आपल्याला हनोईहून आली.

पण वाहिनी ही काही शहाण्या बैलासारखी जू मानेवर घेऊन चालणारी नव्हे. मुत्ताकींची भेट सरकारला शांतपणे हवी होती, झाली का? आणि कधी कधी वाहिन्या असं काही उचलतात की यजमान आणि पाहुणा दोघंही कपाळाला हात लावतात.

नोव्हेंबर २०१०मध्ये ओबामा मुंबईत येणार होते. येण्याच्या चार दिवस आधी दाखवायला काहीच नसतं, म्हणून 'कर्टन रेझर' चालवतात, म्हणजे पडदा उघडण्याआधीची बातमी. ताजमध्ये किती खोल्या, कुत्री किती, गाड्या किती. मुंबईतल्या मणिभवन या गांधी स्मारकाच्या आवारातल्या झाडांवरचे नारळ, न जाणो डोक्यात पडले तर, म्हणून उतरवले गेले, ही बातमी जगभर गेली, आणि ती खरी होती. त्याच भरात महाराष्ट्रातल्या एका अनाम अधिकाऱ्याच्या हवाल्याने बातमी आली की या दौऱ्यावर रोज २० कोटी डॉलर खर्च होणार. ती अमेरिकेत पोहोचली, तिथल्या एका काँग्रेस सदस्याने टीव्हीवर ठासून सांगितली, सोबत ३४ युद्धनौका तैनात झाल्याचंही पसरलं. शेवटी व्हाइट हाउस आणि पेंटॅगॉन दोघांना खुलासे करावे लागले. रिकामी खुर्ची दिसली की अफवा येऊन बसते. पाहुणा येण्याआधीचे ते चार दिवस हीच ती खुर्ची.

'लोकांना हेच बघायचं असतं!'

हे उत्तर प्रत्येक संपादकाच्या खिशात तयार असतं. कोण काय बघतं हे मोजते बार्क ही संस्था. केंद्र सरकारच्या २०२५च्या माहितीनुसार देशात टीव्ही असलेली सुमारे २३ कोटी घरं आहेत आणि मोजणीची यंत्रं आहेत ५८ हजार. शिताने भाताची परीक्षा होते हे मान्य. पण अख्खा टोप वाढायचा आणि शितं इतकी कमी, म्हटल्यावर थोडा संशय घ्यायला हरकत नाही.

शिवाय एक प्रयोग आपोआप घडून गेलेला आहे. मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा तपास सुरू केल्यावर ऑक्टोबर २०२०पासून मार्च २०२२पर्यंत वृत्तवाहिन्यांचे वेगवेगळे आकडे जाहीर होणंच थांबलं होतं. दीड वर्ष परीक्षेचा निकाल नाही! त्या काळात वाहिन्यांनी अभ्यासक्रम बदलला का? मला तरी फरक दिसला नाही. तेव्हा मागणी हे एक कारण असेल. सवय, कमी माणसं आणि 'समोरच्याने लावलंय, आपण का नाही' ही धास्ती ही त्याहून मोठी कारणं आहेत. प्रत्येक डेस्कसमोर दुसऱ्या वाहिन्यांचे डझनभर पडदे लावलेले असतात, आणि बघणाऱ्यांत सगळ्यात निष्ठावान प्रेक्षक तेच.

'मराठी वाहिनीने मंगोलिया कशाला दाखवावा?'

रास्त प्रश्न आहे. डोंबिवलीच्या माणसाला लोकलचं सांगा, जतच्या शेतकऱ्याला पाण्याचं सांगा. ८ ऑक्टोबरला स्टार्मर मुंबईत असूनही मराठी वाहिन्यांना नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन आणि मेट्रो ३चा शेवटचा टप्पा मोठा वाटला असेल, तर त्यात चूक नाही. ५ डिसेंबरला दिल्लीत पुतिन होते आणि इंडिगोची हजाराहून अधिक उड्डाणं एका दिवसात रद्द झाली होती. पुण्या-मुंबईच्या विमानतळावर लेकरांसह अडकलेल्या माणसांना मॉस्कोपेक्षा मोठी जागा मिळायलाच हवी होती.

प्रश्न 'लोकल अँगल' कुठे शोधतात याचा आहे. ऑगस्ट २०२४मध्ये मोदी पोलंडला गेले, ४५ वर्षांत जाणारे पहिले भारतीय पंतप्रधान. २१ तारखेला वॉर्सात त्यांनी एका स्मारकाला फुलं वाहिली. त्या स्मारकाचं नाव आहे कोल्हापूर. दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांना, त्यातल्या पुष्कळशा बायका आणि मुलांना, कोल्हापूर संस्थानात वळिवडे इथे आसरा मिळाला होता. १९४३ ते १९४८ ती एक वसाहतच होती. युरोपातल्या राजधानीत दगडावर कोल्हापूर कोरलेलं आहे, याहून मोठा मराठी धागा कोणत्या परदेश दौऱ्यात मिळणार? पण आदल्या दिवशी बदलापूरला संतप्त लोक रेल्वे रुळांवर उतरले होते. कॅमेरे तिकडे होते आणि तिकडेच असायला हवे होते. वळिवडेची बातमी कुठे दोन मिनिटं आली, कुठे वेबसाइटवर गेली. ती आठवड्याने सावकाश दाखवता आली असती. पण आठवड्याने दाखवायची सोय रनडाउनमध्ये नसते.

नंबरप्लेटही लोकल अँगलच होता म्हणा. फक्त तो शोधायला पाच सेकंद लागतात आणि आरसीएफची ओळ शोधायला अकरा पानं वाचावी लागतात, असं समजा.

याने बिघडतं काय?

कधी कधी चर्चाच बिघडते. जुलै २००१मधली आग्रा शिखर परिषद ही आपल्या चोवीस तास वाहिन्यांच्या जमान्यातली मोठी भारत-पाक भेट. वाजपेयी आणि मुशर्रफ बोलत असतानाच, १६ तारखेला सकाळी मुशर्रफ यांनी भारतीय संपादकांना नाश्त्याला बोलावलं आणि काश्मीरवर ते जे कडक बोलले त्याचं चित्रण त्याच दिवशी टीव्हीवर आलं. आत कागदावर शब्दांची ओढाताण चालली होती आणि बाहेर सगळा देश दुसऱ्या बाजूचं भाषण ऐकत होता. परिषद मोडली ती त्यामुळेच, असं म्हणणं अति होईल. दहशतवाद आणि काश्मीर यांच्या शब्दयोजनेवरचे मतभेद खोल होते. पण घरात बोलणी चालू असताना मुलीच्या बापाने ओट्यावर उभं राहून गावाला अटी ऐकवल्या, तर आतल्या माणसांना माघार घेणं जड जातं.

मग याद्या कुठे मिळतात?

मोठ्या भेटीनंतर परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दोन कागद येतात. एक संयुक्त निवेदन, जे लांब आणि कोरडं असतं. दुसरा कागद म्हणजे निष्पत्तीची यादी. कोणत्या संस्थेने कोणाशी काय सही केली, एका ओळीत एक. इंग्रजी आणि हिंदीत असते. पत्र सूचना कार्यालय बऱ्याच गोष्टी मराठीतही देतं, भाषा सरकारी असली तरी. निवेदन राहू द्या, यादी वाचायला दहा मिनिटं लागतात. 'सामंजस्य करार' हा शब्द दिसला की तो साखरपुडा समजायचा, लग्न नव्हे. कंपनीचं किंवा बंदराचं नाव ओळखीचं वाटलं की थांबायचं.

५ डिसेंबरच्या यादीत युरियाशिवाय कुशल कामगारांना रशियात कामासाठी पाठवण्याचाही एक करार आहे. तिकडे पुतिन-मोदींची गाडी वळली तेव्हा मागच्या काचेवर कोणता स्टिकर होता, हे मला अजून आठवतं. कामगारांचा करार मी पंधरा दिवसांनी वाचला.